शेरेबुकातली समता

“माझ्या शाळेत सगळे सारखे,” असं म्हणताना आमचे हेडमास्तर उजवा पंजा हवेत आडवा फिरवीत. पायलीतलं भात सपाट करताना फिरवतात ना, तसा. दिवसातून दोनदा तरी तो पंजा फिरे. आलेल्यागेलेल्यासमोर फिरे, तालुक्याच्या शिक्षकसभेत तर फारच फिरे. असा माणूस तुम्हीही कुठेतरी पाहिला असेल. तोंडाने जग सपाट करून टाकणारा आणि हाताने आपलं सोवळं सांभाळणारा.

शाळा अलिबागच्या खालच्या अंगाला, समुद्राकाठच्या एका गावात होती. लोकल बोर्डाची, चौथीपर्यंतची. एकच लांबट खोली, तिच्यात चार वर्ग आणि आम्ही दोघे मास्तर. मी बावीस वर्षांचा, दुय्यम. अंगात खादी आणि डोक्यात वर्तमानपत्रातले लेख होते. संध्याकाळी चावडीवर मी अस्पृश्यतेवर असा काही बोलत असे की ऐकणाऱ्यांना वाटावं, उद्या सकाळी ती गावातून नाहीशी होणार.

सकाळी मात्र शाळेतली सारखी मुलं आपापल्या जागी बसत. खोतांचा नातू आणि भटवाडीतली मुलं पुढे, बाकांवर. मचवे चालवणाऱ्या तांडेल मुसलमानांची दोन मुलं त्यांच्या मागे, सतरंजीवर. आगऱ्यांची जमिनीवर. कोळ्यांची मुलं खिडकीखाली, कारण हेडमास्तरांच्या मते तिथून वास परस्पर समुद्रावर जातो. आणि महारवाड्यातली तीन मुलं बाहेर पडवीत. सरकारी हुकूम आला होता की त्यांना इतरांबरोबर बसवा. हेडमास्तर म्हणत, “बसवलंय की. पडवी शाळेचीच आहे.”

पडवीतल्या मुलाने पाटी उंबऱ्यावर ठेवायची आणि चार पावलं मागे सरायचं. हेडमास्तर वाकून, हात पाठीमागे बांधून ती वाचीत. चूक असली तर छडी फेकून मारीत. मग छडी उचलून आत आणण्याआधी तिच्यावर पाणी शिंपडावं लागे. हे काम माझ्याकडे होतं. तेव्हा हेडमास्तरांना हसण्याआधी हेही ऐकून ठेवा. खादीचा सदरा घालून छडीला आंघोळ घालणारा समाजसुधारक मी होतो.

पडवीत राघो नावाचा मुलगा होता. दहा वर्षांचा, चेहरा दगडासारखा, बोलणं अगदी कमी. पडवी खोलीच्या लांबीभर होती. त्यामुळे आतली मुलं फक्त आपल्या वर्गाचं ऐकत आणि राघो चारही वर्गांचं. हे त्या वेळी आमच्या कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

एका हिवाळ्यात शाळाखात्याचे दिपोटीसाहेब तपासणीला येणार म्हणून वर्दी आली. नवे साहेब त्या हुकुमाबद्दल फार कडक आहेत, असंही कळलं. हेडमास्तरांनी आदल्या दिवशी बाक बाहेर काढले, सगळ्या खोलीत सतरंज्या घातल्या आणि मुलांना सांगितलं, “उद्या एक दिवस सगळ्यांनी सरमिसळ बसायचं. घरी बोलायचं नाही.” राघोला खोतांच्या नातवाशेजारी जागा मिळाली. मधे एक वीत अंतर होतं, ते साहेबांच्या नजरेला येणार नाही असं हेडमास्तरांनी स्वतः मापून ठेवलं होतं.

साहेबांनी तिसरीच्या मुलांना त्रैराशिक घातलं. खोतांचा नातू छताकडे बघू लागला. राघोने उत्तर सांगितलं. साहेबांनी त्याला चौथीचं गणित घातलं, मग नकाशावरच्या नद्या विचारल्या, मग चौथीची कविता. राघो सांगत गेला.

“हे सगळं कुठे शिकलास?” साहेबांनी विचारलं.

“हितंच, शालंत,” राघो म्हणाला.

हेडमास्तरांचा पंजा आपोआप उठला. “साहेब, माझ्या शाळेत सगळे सारखे.”

साहेब खूश झाले. त्यांनी शेरेबुकात लिहिलं आणि सगळ्यांना वाचूनही दाखवलं, की या शाळेत अस्पृश्य मुलांना इतरांबरोबर बसवून शिकवतात, हेडमास्तरांचं उदाहरण जिल्ह्याने घ्यावं. हेडमास्तरांचे डोळे भरून आले. स्तुती खोटी असली तरी डोळ्यांतलं पाणी खरं होतं.

साहेबांचा टांगा वळणाआड गेला. हेडमास्तर आत आले आणि म्हणाले, “चला, आपापल्या जागा घ्या. राघो, पडवीत.”

पडवीतले बाकीचे दोघे उठले. राघो उठला नाही.

“राघो, ऐकू नाही आलं?”

“सायबांनी हितं बसल्याचं लिवलंय, गुर्जी.”

“साहेब गेले.”

“व्हय. पन लिवून गेलं.”

हेडमास्तरांनी छडी उचलली. पण हा मुलगा आता आत, मुलांच्या मधोमध बसला होता. छडी फेकावी तर लागणार खोतांच्या नातवाला. दंडाला धरून उठवावं तर शिवावं लागणार. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “तुम्ही उठवा त्याला.”

“मी?”

“तुम्ही सुधारक ना? तुम्हाला शिवायला काय हरकत?”

त्याला हात लावायला मी तयार होतो की नव्हतो, हे मला आजही सांगता येत नाही. मी जागचा हललो नाही. शाळा सुटेपर्यंत राघो तिथेच बसून राहिला आणि त्याला कुणी हात लावला नाही. ज्या सोवळ्याने त्याला तीन वर्षं बाहेर ठेवलं, त्याच सोवळ्याला आता त्याला बाहेर काढता येईना.

दुसऱ्या दिवशी तो सगळ्यांच्या आधी येऊन त्याच जागी बसला, आणि बाकीच्या दोघांनाही त्याने आणलं. हेडमास्तरांनी कपाटातून शेरेबुक काढलं, तो शेरा दोनदा वाचला आणि बुक मिटलं.

दुपारी खोत आले. “मास्तर, हे काय चालवलंय?”

“मी कुठे काही चालवलं? शेऱ्यात लिहिलंय.”

“मग पुसून टाका.”

“सरकारी शाई आहे, खोतसाहेब. साहेब पुन्हा आले आणि मुलं पडवीत दिसली तर जिल्ह्यात माझं हसं होईल.”

बघा, न्यायासाठी नव्हे, माणुसकीसाठीही नव्हे. जिल्ह्यात हसं होऊ नये म्हणून हा मनुष्य उभा राहिला. पण राहिला.

खोतांनी नातवाला काढून घेतलं. दोन दिवसांत निम्मी शाळा रिकामी झाली. एक कोळीण मात्र टोपली दारात ठेवून आत आली. “माजा पोर यायचा थांबनार न्हाय,” ती म्हणाली. “पन त्याला आदी त्या खिरकीखालून काडा. त्ये बी सायबांनी लिवलंय का?” हेडमास्तरांनी मान खाली घालून तिच्या मुलाला पुढे बसवलं. त्यांचा पंजा त्या दिवशी फिरला नाही.

त्याच आठवड्यात एक गोष्ट घडली. रांगेच्या टोकाच्या मुलाने नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या पाट्या गोळा करून टेबलावर आणून ठेवल्या. राघोची पाटी त्या थप्पीत कुठेतरी होती. हेडमास्तर बराच वेळ थप्पीकडे बघत राहिले. सगळ्या पाट्या सारख्याच दिसत होत्या, आणि हा सारखेपणा काही त्यांनी मागितलेला नव्हता. मग त्यांनी वरची पाटी उचलली, मग दुसरी. सगळ्या तपासल्या. शाळा सुटल्यावर ते विहिरीवर जाऊन थंडीत डोक्यावरून पाणी घेत बसले. पुढे हे रोजचंच झालं. दिवसभर समता पाळायची आणि संध्याकाळी धुऊन टाकायची. त्या हिवाळ्यात त्यांना खोकला जडला तो कायमचा. पण पाट्या तपासायचं काम त्यांनी माझ्याकडे कधी दिलं नाही. मीही मागितलं नाही.

महिन्याभरात मुलं परत आली, कारण दिवसभर घरात त्यांचा धुडगूस सोसून बायका कंटाळल्या होत्या. खोतांचा नातूही आला. पण खोतांनी बोर्डात ओळख लावलीच होती. पावसाळ्याआधी हेडमास्तरांची बदली तळे गावाला झाली. ते गेल्यावर खोत, मुलं पुन्हा पडवीत बसवा म्हणत, माझ्याकडे आले. मीही शेरेबुकाकडे बोट दाखवलं. इतकी वर्षं लेख वाचूनही ऐन वेळी मला स्वतःचं वाक्य सुचलं नाही. राघो चौथीत तालुक्यात वरच्या नंबराने पास झाला आणि पुढे स्वतः मास्तर झाला.

पण हेडमास्तरांच्या जाण्याचा दिवस सांगायचा राहिला. खाडीच्या बंदरावर मचवा लागला होता. पोचवायला मी आणि चारदोन मुलं, बाकी गावातलं कुणी नाही. तेवढ्यात राघोचा बाप आला आणि न विचारता त्यांच्या ट्रंकेपाशी उभा राहिला.

“नेऊ का, गुर्जी?”

हेडमास्तर खोकले. मग म्हणाले, “ने.”

त्याने ट्रंक डोक्यावर घेतली आणि तो गुडघाभर पाण्यात उतरला. मग वळकटीसाठी मागे फिरला, तर हेडमास्तरांनी ती झटकन छातीशी धरली. “ही राहू दे. हिच्यात सोवळं आहे.” तो बाजूला झाला. हेडमास्तर स्वतःच धोतर सावरत पाण्यात उतरले, धडपडले, मचव्यात चढले. मचव्याच्या तळाशी मासळीचं पाणी साचलेलं होतं. तांडेल म्हणाला, “ठेवा खाली, मास्तर, बसा.” ते बसले नाहीत. शीड भरलं, मचवा खाडीत सरकला आणि पलीकडच्या काठाला लागेपर्यंत ते वळकटी तान्ह्या मुलासारखी कवटाळून, खोकत, डुलत उभेच होते.