बारा काचा अन् बोअरचं पाणी

किस्से जमवाले कुठं जावं लागत नाही. लॉजच्या काउंटरवर बसलं, की ते चावी मागाले आल्यासारखे आपणच समोर येऊन उभे राह्यतात. लोणारचं सरोवर पाहाले लोक आमच्याकडं उतरतात, अन् जाताना तक्रार करतात ती बाथरूमच्या काचेची!

झालं असं, शेठनं हौसेनं बाराही खोल्यांत शॉवरले काचेचे दरवाजे बसवले. पाणी मात्र तेच, बोअरचं. वाळलं की काचेवर पांढरा थर! एक दिवस शेठनं काचेवर बोट फिरवलं अन् वत्सलाबाईले म्हणाले, "बाई, दिवाळीपर्यंत काचेतून आरपार दिसलं पाह्यजे. नाही तर मी शहरातून क्लीनिंगवाला आणतो, तुम्ही घरी बसा."

साफसफाईले आमच्याकडं ही एकच बाई, अन् तिच्या घरात कमावणारी तीच.

*

दुसऱ्याच दिवशी बाईनं घरून राख आणली अन् तीन नंबर खोलीची काच खसाखसा घासली. सारे ओरखडे!

"बाई, हे काय करून ठेवलं?"

"काऊन भाऊ? पितळ तर याच्यानंच चमकते!"

"ही काच हाये!"

"मले काय माहीत, इतकी महागाची वस्तू राखेले भिते म्हणून!"

मी गुपचूप तीन नंबरवर 'दुरुस्ती चालू' अशी पाटी लावली. शेठ आले की मी त्या दारासमोर आडवा उभा.

*

मग लिंबू. लिंबानं थर निघाला, पण किचनमधलं लिंबू संपलं. सकाळी एका गिऱ्हाइकानं विचारलं, "पोह्यावर लिंबू नाही का?"

आमचा आचारी गजानन म्हणजे तोंडाचा फटकळ. "साहेब, लिंबू आंघोळीले गेलं!"

शेजारच्या टेबलावर शेठ चहा पिऊन राह्यले होते. मले इतका खोकला आला, की शेठनंच पाणी पाजलं.

*

शेवटी बाईच्या ध्यानात आलं, की थर काढत बसण्यापेक्षा पाणी वाळूच द्यायचं नाही. मग काय! कोणाचा शॉवर बंद झाल्याचा आवाज आला, की ही वायपर घेऊन दारात हजर.

एका रिटायर्ड गुरुजींनी दार उघडलं, तर समोर बाई. "झाली का आंघोळ?"

गुरुजी म्हणाले, "हो. कान पण धुतले!"

*

काचा इतक्या साफ झाल्या, की अकोल्याचे एक साहेब त्यावर कपाळ आपटून आले. बाईनं लगेच प्रत्येक काचेवर, नजरेच्या उंचीवर, एकेक टिकली लावली.

दुसऱ्या दिवशी त्याच साहेबांच्या मॅडम आल्या. तासाभरात काउंटरवर! बोटाच्या टोकाले लाल टिकली.

"ही कोणाची?"

मागं साहेब घामाघूम. तेवढ्यात वत्सलाबाई बादली घेऊन आली अन् म्हणाली, "माझी हाये."

मॅडमनं साहेबांकडं असं पाह्यलं, की मीच खुर्चीचा दांडा घट्ट धरला.

"बाराही खोल्यांत हाये, ताई. चला, दाखवते!"

*

एवढं करूनही वायपरच्या अन् टिकलीच्या तक्रारी शेठच्या कानावर गेल्या अन् दिवाळीच्या आठ दिवस आधी शेठ क्लीनिंगवाल्याले घेऊनच आले. कडक इस्त्रीचा माणूस, हातात स्प्रे. त्यानं पाच नंबरची काच पाच मिनिटांत लख्ख केली. "शेठजी, आता सहा महिने हिच्याकडं पाहू नका!"

शेठ खूश. वत्सलाबाईनं कमरेचं फडकं सोडलं, त्याची घडी केली अन् ते माझ्या हाती दिलं. मले शेठचा असा राग आला, काय सांगू!

बाई म्हणाली, "शेठ, एकदा शॉवर सोडून पाहा."

शेठनं सोडला, बंद केला, पंखा लावला. आम्ही चौघं काचेवरचे थेंब पाहत उभे. वरचा थेंब वाळला. तिथं पांढरं गोल उमटलं. मग दुसरं. मग साऱ्या काचेवर.

क्लीनिंगवाल्यानं घाईघाईनं खिशातला रुमाल काढला अन् घासाले लागला.

"दादा, गोल गोल नका घासू," वत्सलाबाई म्हणाली. "वरून खाली, एका दमात."

तो थांबला. त्यानं शेठकडं पाह्यलं.

शेठ म्हणाले, "बाई सांगते तसं पुसा."