अक्काची घरघंटी

माझं लग्न ठरलं तेव्हा बाबांनी अख्ख्या गल्लीला सांगितलं होतं, जावई लेखक आहेत. जळगावला आल्यावर कळलं जावई काय लिहितात ते. साड्यांचा सेल, क्लासेसची पत्रकं, केळीच्या रोपांची माहिती, नगरसेवकाच्या वाढदिवसाचे फ्लेक्स, निधनवार्ता. रिक्षावर भोंगा लावून 'माता-भगिनींनो' करत जो माणूस ऐन दुपारी झोप मोडतो ना, त्याच्या हातातला कागदही आमच्याच घरातला. तोंडानं मी नवऱ्याला 'अहो'च म्हणते, पण इथे त्याला प्रेमराज म्हणणार आहे. अहो-जाहो करत माणसाबद्दल खरं सांगता येत नाही.

प्रेमराज एका जाहिरात एजन्सीत आहे. मालक रुपचंदभाऊ. माणूस वाईट नाही, पण गिऱ्हाईक दिसलं की कणा काढून खुंटीला टांगतो. गिऱ्हाईक म्हणालं अक्षर मोठं करा, की मोठं. लाल करा, की लाल. आजोबांचा फोटो टाका, मग कुलदैवताचा टाका, मग मजकुराला जागा उरत नाही म्हणून मजकूर कापा. आणि प्रत्येकाला 'भव्य' पाहिजे. भव्य सेल, भव्य शुभारंभ. एका न्हाव्यानं भव्य केशकर्तनालय लिहून घेतलं, त्या दुकानात दोन खुर्च्या धड मावत नाहीत. प्रेमराज संध्याकाळी घरी येतो तेव्हा इतका दमलेला असतो, की चहात साखर कमी आहे हेही बोलत नाही, नुसता कप सरकवतो.

पण स्वतः काही विकत आणलं की मात्र बोलायला लागतो! कुकरची रिंग महिन्यात सैल झाली. वेफर्सच्या पुड्यात निम्मी हवा. नेटवाला 'आजच येतो' म्हणून तीन दिवस आला नाही. कूलर तर विचारू नका, आमच्याकडे मे महिन्यात कूलर बंद पडणं म्हणजे काय ते जळगावकरालाच माहीत. तक्रारीच्या नंबरवर तो तासन्‌तास गाणं ऐकत बसतो आणि मग माझ्यावर खेकसतो, "लोकांना फसवतात साले!" मी म्हणायचे, "फसवायचे शब्द कोण पुरवतं त्यांना?" ह्यावर तो पुन्हा फोन कानाला लावायचा. करेल काय? चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक.

रविवारी तो भुसावळला जातो. कामाला नाही, गाड्या बघायला. हसू नका. प्लॅटफॉर्म तिकीट काढतो, एका बाकावर बसतो आणि येणाऱ्याजाणाऱ्या गाड्या बघतो. कुठलं इंजिन कुठल्या शेडचं, मालगाडीला डबे किती, दीपनगरच्या वीज केंद्राकडे कोळसा घेऊन कुठली गेली, सगळं त्याला पाठ. मी एकदा डबा घेऊन बरोबर गेले होते, कंटाळून जीव गेला. विचारलं, यात काय ठेवलंय? तर म्हणाला, "कामिनी, इथं बोर्डावर लिहिलेलं असतं तेच येतं. उशिरा येतं, पण तेच येतं." मला तेव्हा त्याची कीव आली, खरं सांगते.

आता अक्काचं सांगते. ज्योत्स्नाअक्का ही प्रेमराजची मोठी बहीण, अमळनेरला दिलेली. आई लवकर गेली म्हणून ह्याला तिनंच वाढवलं, शाळेत घातलं, त्याची पहिली जाहिरात छापून आली तेव्हा सगळ्या आळीत दाखवत फिरली. भावाचं लिहिलेलं म्हणजे तिला वेदवाक्य. तिच्या यजमानांना, म्हणजे भाऊजींना, दम्यानं घरी बसवलं, तेव्हापासून घर तिच्या एकटीच्या अंगावर. दोन वर्षांपूर्वी तिची भिशी लागली आणि तिनं त्या पैशातून घरघंटी घेतली, घरातल्या घरात दळायची ती पीठगिरणी. का घेतली? तर पेपरात जाहिरात होती. 'दळा घरी, कमवा घरी. शेजारणींचं दळण, तुमची कमाई. वर्षभरात बिघडली तर नवी.'

लिहिणारा कोण, हे सांगायला नको.

जाहिरात मोहनलालशेठच्या दुकानाची होती. एजन्सीचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. अक्का खास अमळनेरहून एसटीनं येऊन त्यांच्याच दुकानातून घंटी घेऊन गेली. ह्यानं तिला स्टँडवर सोडलं, छाती फुगवून. आणि चालली की घंटी झकास! आळीतल्या बाया गहू आणायच्या, डाळ आणायच्या. कळण्याच्या भाकरीचं पीठ दळावं तर अक्कानंच, असं नाव झालं. भाऊजींची औषधं, किराणा, सगळं त्या घंटीवर निघायला लागलं. अक्काच्या आवाजात जोर आला होता त्या दिवसांत.

वर्ष व्हायच्या आत मोटर जळली.

कंपनीचा माणूस आला. त्यानं घंटी उघडायच्या आधी भिंतीवर बसलेलं पीठ बघितलं, दारात ठेवलेले बायांचे डबे बघितले, आणि लिहून गेला: व्यावसायिक वापर, वॉरंटी लागू नाही. कार्डावर बारीक अक्षरात होतंच म्हणे, यंत्र फक्त घरगुती वापरासाठी. शेजारणीचं दळलं की संपलं. म्हणजे बघा, जाहिरात सांगते शेजारणीचं दळा आणि कार्ड सांगतं दळलंत तर आमचा संबंध नाही. प्रेमराजनं जाहिरात लिहिली तेव्हा कार्ड बघितलंच नव्हतं. कुणी बघतं? रुपचंदभाऊ म्हणाले होते, बायकांना भिडेल असं काहीतरी द्या. यानं दिलं.

तो शेठच्या दुकानात तीनदा जाऊन आला. काउंटरवरचा पोरगा म्हणतो कंपनीशी बोला, कंपनी म्हणते दुकानाशी बोला. शेठ भेटायचे, चहा पाजायचे आणि 'बघू, बघू' करायचे. मी म्हटलं, जरा आवाज चढवा की! तर रुपचंदभाऊंनी आधीच बजावलेलं, घरची भांडणं गिऱ्हाईकाकडे नेऊ नका. आपणच मोटर दुरुस्त करून देऊ म्हटलं, तर ते ह्याच्या मनाला लागत होतं. "शब्द दुकानाचा आहे, त्यांनी पाळायला पाहिजे," म्हणायचा. तिकडे घंटी बंद. बाया दुसरीकडे जायला लागल्या. अक्का फोनवर एकच विचारायची, "काय झालं रे?" आणि हा 'होतंय, होतंय' म्हणायचा. बहिणीलाही शेवटी जाहिरातीतलंच बोलायला लागला.

असं करत पर्युषण आलं. जैन मंडळींचा हा उपासातापासाचा काळ. शेवटी संवत्सरी, आणि मग सगळे एकमेकांकडे जाऊन वर्षभरातल्या चुकांची क्षमा मागतात. मोहनलालशेठ दरवर्षी पेपरात अर्धं पान देतात, 'मन, वचन, कायेनं कळत-नकळत आपलं मन दुखावलं असल्यास' वगैरे. ते अर्धं पानही प्रेमराजच लिहितो. यंदाही लिहिलं. मी विचारलं, लिहवलं तरी कसं? म्हणाला, "त्यात लिहायचं काय असतं, गेल्या वर्षीचंच देतो." इतका थकला होता.

संवत्सरीच्या दुसऱ्या दिवशी तो चष्मा घरी विसरला म्हणून मी एजन्सीत द्यायला गेले. बरं झालं गेले. नाहीतर पुढचं मला कुणी सांगितलं असतं तर खोटं वाटलं असतं.

मोहनलालशेठ स्वतः आले होते. पांढरे कपडे, उपासानं उतरलेला चेहरा, ऐंशीच्या घरातलं वय. नातू संयम हाताला धरून होता. शेठ एकेका टेबलापाशी थांबत होते, हात जोडत होते, "मिच्छामि दुक्कडम्" म्हणत होते. माणूस मनापासून करत होता, ते मला दिसत होतं. रुपचंदभाऊंनी वाकून नमस्कार केला, टायपिंगवाली मुलगी उभी राहिली. समोरच्यानंही हात जोडून तेच म्हणायचं, एवढंच असतं. शेठ प्रेमराजपाशी आले.

"प्रेमराजभाऊ, मिच्छामि दुक्कडम्."

प्रेमराज उभा राहिला. हात जोडले नाहीत. म्हणाला, "शेठजी, यंदा नाही."

रुपचंदभाऊंचं तोंड उघडं ते उघडंच. क्षमा मागणाऱ्याला कुणी नाही म्हणतं का? शेठना आधी वाटलं गंमत आहे. मग त्यांचे जोडलेले हात तसेच राहिले.

"काय चुकलं माझं, भाऊ?"

"माझ्या बहिणीची घरघंटी. शेजारणींचं दळण दळा, हे तुमच्या नावानं छापलंय. ती दळत बसली. आता म्हणता व्यावसायिक वापर."

"ते कंपनीचं कार्ड..."

"कार्ड मी लिहिलं नाही. जाहिरात मी लिहिली, तुम्ही छापली. आणि शेठजी, मी माफ करणारा कोण? मन तिचं दुखलंय. अमळनेरला राहते. तिच्याकडे मागा."

संयम काहीतरी बोलणार होता, शेठनी त्याला हातानं थांबवलं. गावाचं, आळीचं नाव विचारलं, आणि गेले. ते गेल्याबरोबर रुपचंदभाऊ बरसले, "अक्कल गहाण टाकली का? जुनं गिऱ्हाईक आहे ते!" मला मात्र इतक्या वर्षांत पहिल्यांदा नवऱ्याचा अभिमान वाटला. येताना मी अर्धा किलो जिलेबी घेतली. का घेतली तेही सांगता येईना.

शेठ खरंच गेले. गाडी काढून अमळनेरला, अक्काच्या दारात. संयमनं एजन्सीत फोन करून कळवलं, दादाजी जाऊन आले, त्यांना आता बरं वाटतंय. प्रेमराज म्हणाला, "नवी घंटी घेऊनच गेले असतील." त्या रविवारी तो भुसावळला गेला नाही. आम्ही दोघं पेढे घेऊन अमळनेरला गेलो. एसटीत तो सारखा बोलत होता, किती तरी दिवसांनी.

अक्काच्या ओट्यावर तीच जुनी घंटी होती, वर साडीचं फडकं टाकलेलं. प्रेमराजनं फडकं उचलून बघितलं. परत टाकलं.

"अक्का, शेठ आले होते ना?"

"ऊनतात ना," अक्का म्हणाली. म्हणजे आले होते. ती माझ्याशी शुद्ध बोलायचा प्रयत्न करते, पण भावाशी तिची अहिराणीच. "एवढा म्हातारा माणूस, दारमा हात जोडीसन उभा. माले लाज वाटनी. मी म्हणनू, चूकभूल व्हस भाऊ, मन्हा मनमा काही नही शे. त्यासना डोयामा पानी ऊनं."

"आणि घंटी?"

"घंटीनं ते काही बोलनात नही."

"तू पण बोलली नाहीस?"

"दारमा येल माणूसले मी काय म्हणू? पहिले घंटी दे, मंग माफ करस?" अक्का चिडलीच. "तशी सौदानी माफी व्हस का रे?"

प्रेमराज ओट्यावर मटकन बसला. "अगं, त्यासाठीच पाठवलं होतं त्यांना! एवढं नोकरीवर पाणी सोडायची वेळ आणली मी, आणि तू फुकटात माफ केलंस?"

अक्कानं पदरानं हात पुसले. शांत होती, आणि त्याचीच मला भीती वाटली.

"शेठले मी वयखस बी नही," ती म्हणाली, म्हणजे ओळखतही नाही. "मी शेठ दखीसन घंटी नही लिधी. तू लिखेल व्हतं म्हणीसन लिधी. शेठले मी माफ करी टाकं. तुले नही."

आत भाऊजी खोकत होते. प्रेमराज उठला. त्यानं हात जोडले.

"हात नको जोडू," अक्का म्हणाली. "हात शेठनी बी जोडात."

मला रडू आलं. कुणासाठी, अक्कासाठी का ह्याच्यासाठी, कोण जाणे. त्यानं भाऊजींकडून पाना मागितला. घंटी आडवी केली आणि मोटर काढायला बसला. त्याला ते येत नव्हतं. हात काळे झाले, एक बोट सोललं. अक्का बघत होती, पण मधे पडली नाही. तिनं आम्हाला जेवायला वाढलं, दुसरी भाकरी न विचारता वाढली, पण पेढ्यांचा पुडा उघडला नाही.

मोटर गोणपाटात बांधून आम्ही निघालो. अक्का दारापर्यंत आली. 'पोचल्यावर फोन कर' असं ती दरवेळी म्हणते, या वेळी म्हणाली नाही.

एसटीत मोटर त्यानं मांडीवरच ठेवली, खाली ठेवू दिली नाही. मी विचारलं, "शेठच्या दुकानात न्यायची?" त्यानं मान हलवली, नाही. जळगावला स्टँडवर उतरल्या उतरल्या त्यानं आपणहून अक्काला फोन लावला.

"पोचलो, अक्का."

तिचा आवाज मला बाजूला उभं राहून ऐकू आला.

"मोटर कव्हय लई येशी?" कधी आणतोस, एवढंच तिनं विचारलं, आणि फोन ठेवला.