चंद्रीच्या पाठीवरची जागा

पानशेत फुटलं त्याच्या पुढच्या वर्षी, लोणावळ्यावरच्या वाडीतल्या शिदूची मुलगी गंगी सासरी आंबीला बाळंत झाली. अंगावरचं दूध पुरेना, म्हणून शिदूनं आपली एकुलती एक दुभती म्हैस चंद्री दोन दिवस चालवत नेऊन तिच्या दारात बांधली.

शिदू माणसांची नावं विसरायचा. पण वाडीतल्या कुठल्या गाईचं कुठलं शिंग मोडलंय, ते त्याला पाठ. आठवड्यानं निरोप आला, चंद्री पान्हवत नाही, तेव्हा तो तसाच निघाला.

"लाथ घालती, आबा," गंगी म्हणाली. मांडीवर पोर रडत होतं. "कासंला हात लावू दीना."

अंगणात चंद्रीच्या पाठीवर तीन कावळे बसले होते. एक शेपटीजवळची जखम निवांत टोचत होता.

"हिचा कोतवाल कुटंय?" शिदूनं विचारलं.

"म्हशीसंगं पाखरूबी द्यायचं असतं व्हय?" विहीण सावित्राबाई म्हणाली. "मग आणायचं हुतं की!"

रानात चंद्री चालली की गवतातले नाकतोडे उडायचे. ते कोतवालाचे. त्या बदल्यात तो कावळ्याला फिरकू द्यायचा नाही. कावळ्यासारखाच काळा, अंगानं त्याच्या निम्मा, पण तोरा पोलीसपाटलाचा.

शिदूनं काळी घोंगडी पांघरली आणि चंद्रीच्या पाठीवर चढून बसला. कावळे कुडावर जाऊन वाट बघू लागले. गंगीनं धार काढली, चरवीचा तळ भिजला. भाकरीही शिदूनं वरच खाल्ली.

"व्याही, उतरा आता. येणारंजाणारं हसतंय."

"हसू द्या, इहीणबाई. कावळं तर न्हाई ना हसत?"

दुसऱ्या सकाळी त्याच्या डोक्यात उजेड पडला. सुनेच्या माहेरची भेट म्हणून सावित्राबाईनं चंद्रीला एकदाही चरायला सोडलं नव्हतं. कापलेलं गवत तिच्या पुढ्यात येत होतं. "बांदल्या म्हशीवर कोतवाल कशाला यील? त्याच्या पोटाचं काय?"

त्यानं दावं सोडलं आणि चंद्रीला इंद्रायणीकाठच्या गवतात घातलं. कावळे मागं होतेच, म्हणून तो स्वतः तिच्या पाठीवरच बसला. नाकतोडे उडाले. बाभळीवरून एक कोतवाल झेपावला, चार नाकतोडे खाल्ले, मग पाठीकडं वळला. जागा भरलेली!

पहिल्या झडपेत शिदूचं पागोटं तिरपं झालं. दुसरीत गेलं.

"आरं, तुज्यासाटीच राकली हुती!" शिदू ओरडला आणि तिसऱ्या झडपेला चिखलात आडवा झाला. कोतवाल पाठीवर बसला, शेपटी हलवली, आणि कावळ्यांना पार पलीकडच्या काठापर्यंत हाकलून आला.

त्या संध्याकाळी चरवी फेसानं काठोकाठ भरली. पोर पिऊन तोंड उघडं ठेवूनच झोपलं. सावित्राबाई शिदूच्या टाळूवर हळद दाबत होती.

"आता रोज चरायला सोडा," शिदू म्हणाला.

"सोडीन. पर तुमी वाडीला कवा जाताय? म्हशीला तिचा माणूस गावला की."

शिदू आणखी दोन दिवस राहिला. चंद्रीला चरायला तोच न्यायचा, दहा पावलं लांबून चालत.