चौसष्टावा अध्याय

अश्लेषाच्या वास्तुशांतीची जेवणं पावणेचारला झाली, आणि त्याला सर्वस्वी निशिकांत जबाबदार होता.

सिंगापुरातल्या पाया लेबार भागातला नवा फ्लॅट, चाळीस पाहुणे, पुऱ्यांचं पीठ मळून तयार. पूजा बाराला आटोपली होती. पण निशिकांतगुरुजी, म्हणजे एरवी आंग मो किओच्या कारखान्यात सर्किटं तपासणारे आणि रविवारी सोवळं नेसणारे, त्यांनी शेवटी हळूच स्वतःचा अभ्यास घुसडला. ऋग्वेदाचा चौसष्टावा, शेवटचा अध्याय. यजमानांना काय कळतंय! बरं, घुसडला तो घुसडला, मध्येच एक स्वर चुकला. चुकला तर पुढे जावं की नाही? गडी पुन्हा पहिल्यापासून सुरू. असं तीनदा.

"गुरुजी, बफरिंग चाललंय का?" अश्लेषाच्या नवऱ्याने, परेशने, व्हिडिओ काढता काढता विचारलं.

"आमच्या पाठशाळेत चुकलं की पहिल्यापासून," निशिकांत ओशाळून म्हणाला.

पाठशाळा नदीकाठची, एकोणीसशे बारा सालची. तेव्हापासून तिथे बदलले ते फक्त पंखे. गुरुजींनी एकदा म्हणायचं, मुलांनी दोनदा. पुस्तकात डोकावलं तर त्या दिवशी ताक बंद. स्वर खाली गेला की मान खाली, वर गेला की वर. मान चुकली की बापटगुरुजी मागून येत आणि मानगूट धरून ती जागेवर नेत. निशिकांत तिथे दहा वर्षं राहिला, दहावी बाहेरून दिली, त्रेसष्ट अध्याय बिनचूक म्हणून दाखवले. आणि चौसष्टाव्याच्या आठवडाभर आधी डिप्लोमाला नंबर लागला म्हणून पळाला. एसटीच्या खिडकीशी येऊन गुरुजी एवढंच म्हणाले, "एक तुझ्याकडे राहिला."

आता गुरुजी शहाऐंशीचे. महिन्यापूर्वी त्यांच्या नातवाचा, मुकुलचा, मेसेज आला होता: "आजोबांचा एक कान गेला, दुसरा चाललाय. राहिलेलं लवकर उरक म्हणतायत." तेव्हापासून निशिकांत एमआरटीच्या गाडीत, कारखान्यात जाता-येताही पाठ करत होता. मान खाली, मान वर. समोरच्या चिनी आजींनी उठून त्याला जागा दिली. "सिट लाह, सिट! यू नॉट वेल, इज इट?"

वास्तुशांतीनंतरच्या रविवारी त्याने व्हिडिओ कॉल लावला. गुरुजींनी सवयीने फोन कानालाच लावला, त्यामुळे पडद्यावर नुसता एक भलामोठा सुरकुतलेला कान. निशिकांतने कानाला नमस्कार केला आणि सुरुवात केली. झकास चाललं. शेवटच्या सूक्तात मात्र एक स्वर घसरला. तो तसाच रेटून शेवटाला पोचला.

"शाब्बास," पलीकडून आवाज आला. "सुटलास रे!"

खरंच सुटला होता. फोन ठेवायचा, की झालं.

"गुरुजी, चुकलो," निशिकांत जवळजवळ ओरडलाच. "शेवटच्या सूक्तात."

कान हलला, त्या जागी डोळे आले. "मला नाही ऐकू आलं."

"चुकलो तर मोठ्यानेच होतो."

"हं. मग आता ऐकायचं पण तूच आणि मानगूट धरायची ती पण तूच. पहिल्यापासून म्हण."

"आत्ता?"

"मला आधी जेवू दे. फेसबुकवरचा तुझा तो वास्तुशांतीचा व्हिडिओ मुकुलने दाखवलाय मला. माणसं उपाशी मारतोस तू!"

फोन बंद झाला. निशिकांतने डाव्या हाताने स्वतःची मानगूट धरली आणि पहिली ऋचा उचलली.

सहाव्या ऋचेला चुकला. चौसष्टावा अजून त्याच्याकडेच आहे.