सतरा नंबरचं घर

रुपीला अर्थशास्त्राला घातलं ते मी. हे आधीच सांगून टाकतो, कारण मी नाही सांगितलं तर माझी बायको कुसुमावती सांगेल, आणि ती सांगताना कुणाचीच गय करत नाही.

मी जव्हारात तीस वर्षं गणित शिकवलं, आधी शाळेत आणि मग ज्युनिअर कॉलेजात. रुपी अकरावीला माझ्या वर्गात आली. जामसरच्या ढवळूची धाकटी मुलगी. पहिले दोन महिने तिने तोंड उघडलं नाही. मग एक दिवस फळ्यावरच्या माझ्या गणितातली चूक तिने दाखवली, तीसुद्धा तास संपल्यावर, व्हरांड्यात मी एकटा सापडलो तेव्हा. माझी लाज राखली पोरीने. त्याच दिवशी मी ठरवलं की हिला चार जणींसारखं डी.एड.च्या रांगेत उभं राहू द्यायचं नाही.

पुण्यातल्या एका कॉलेजात नवी पदवी निघाली होती. नाव अर्थशास्त्राचं, पण निम्मा अभ्यास गणिताचा आणि संख्याशास्त्राचा. लोक कसे जगतात, काय खातात, कुठे जातात, ते अंदाजाने न बोलता मोजून दाखवायचं. मला ते फार पटलं. आमच्या तालुक्याबद्दल मुंबई-पुण्याचे लोक इतकं अंदाजाने बोलतात की कधीकधी अंगाची लाही होते. म्हटलं, आपल्यातलं कुणीतरी मोजायला शिकलंच पाहिजे. ढवळूला समजवायला जामसरला गेलो तर तो हात जोडून म्हणाला, "सर, पोरगी काय शिकं तां माना नाय समजं. पन तुमी सांगतास तं बराच आसंल."

हा विश्वास मला तेव्हा सुखाचा वाटला. आता आठवला की जेवण गोड लागत नाही.

रुपी शिकू शकली त्यामागे तिची मोठी बहीण होती, हौशी. दिवाळी झाली की यांच्याकडची कुटुंबंच्या कुटुंबं भिवंडीकडे वीटभट्टीवर जातात ती थेट मे महिन्यात परततात. रुपी पहिलीत गेली त्या वर्षी आईबापाबरोबर विटा थापायला कुणीतरी हवं होतं. हौशी सातवीत होती, तिची शाळा सुटली. रुपी आजीजवळ राहिली म्हणून तिची टिकली. पुढे हौशीचं लग्न साखरशेतच्या एका पाड्यावर झालं, तिला गोदी झाली, आणि गोदीही आईच्या मागोमाग भट्टीवर जाऊ लागली, कारण त्यांच्या घरी मागे राहायला म्हातारं माणूसच नव्हतं. आश्रमशाळेत जागा मिळाली नाही. वर्षातले सहा महिने शाळा आणि सहा महिने चिखल, तरीही ही पोर चौथीत पाढे असे म्हणायची की मला माझे चांगले विद्यार्थी आठवायचे.

रुपी तिसऱ्या वर्षाला गेली तेव्हा तिला प्रबंधासाठी विषय हवा होता. माझ्या ओळखीची एक संस्था तालुक्यात एकच हंगामी वसतिगृह काढणार होती, आईबाप भट्टीवर गेले तरी मुलांनी गावात राहून शिकावं म्हणून. कुठल्या गावात काढायचं ते आकडे बघून ठरवणार होते. ओळख मीच करून दिली. साखरशेतच्या पाड्यांची पाहणी रुपीकडे आली. दिवाळीला ती बहिणीकडे गेली तेव्हा गोदीला मांडीवर घेऊन म्हणाली होती, "पुढल्या साली तू नाय जायाचा. हतंच ऱ्हायाचा." गोदीने ते शाळेत सगळ्यांना सांगून टाकलं.

जानेवारीत पाहणी झाली. घरांच्या यादीतून चिठ्ठ्या टाकून चाळीस घरं काढली होती. पुण्याच्या प्राध्यापकांनी नियम दिला होता, घर बंद असेल तर शेजारचं उघडं घर घ्यायचं. पुण्यात नियम ठीक असेल. तिथे घर बंद असतं म्हणजे माणूस भाजी आणायला गेलेला असतो. आमच्याकडे जानेवारीत दाराला तार गुंडाळलेली दिसली म्हणजे ते घर भट्टीवर गेलेलं असतं, पोराबाळांसकट.

चाळीसपैकी तेरा दारांना तार होती. रुपीने तेराही वेळा शेजारचं दार वाजवलं. शेजारचे घरी होते, कारण ते जाणाऱ्यांतले नव्हतेच. कुणाचा मुलगा शिपाई, कुणाची थोडी जास्त जमीन. सतरा नंबरची चिठ्ठी हौशीच्या घराची निघाली. त्या दाराची तारही रुपीने पाहिली, आणि पुढच्या घरी जाऊन लिहून घेतलं की या घरातली मुलं कुठेही जात नाहीत.

मी तिला नंतर विचारलं, "अगं, तुझी सख्खी बहीण. तुला ठाऊक होतं ना ती कुठे आहे?"

"ठाऊक होतं सर," ती म्हणाली. "म्हणूनच नाही लिहिलं. आपल्या बहिणीचं घर आपल्याच माहितीने भरलं तर पक्षपात होईल, असं वाटलं. नियम सगळ्यांना सारखा पाहिजे ना."

प्रामाणिकपणा मीच शिकवला होता, आणि तो कुठे थांबवायचा ते शिकवायचं राहून गेलं होतं. बरं, या चुकीला अभ्यासात नावही आहे. जे सापडत नाहीत ते सापडणाऱ्यांपेक्षा वेगळे असतात, म्हणून त्यांना वगळून काढलेलं उत्तर फसवं असतं. या प्रश्नावर रुपीला परीक्षेत पैकीच्या पैकी गुण होते.

पण सगळा दोष तिच्यावर ढकलून मला सुटता यायचं नाही. अहवाल छापायला जाण्याआधी तिने माझ्याकडे पाठवला होता. मी तो दोनदा वाचला. तीस वर्षं दिवाळीनंतर मी हजेरी घेतली आहे, एकामागून एक नाव पुकारायचं आणि कुणी 'हजर' म्हणायचं नाही. त्या मला 'स्थलांतरित मुले: चाळीसपैकी तीन घरांत' हे वाक्य खटकायला नको होतं का? मला त्यातला ऱ्हस्व-दीर्घ खटकला. तो मी लाल पेनाने दुरुस्त केला, आणि खाली 'उत्तम' असं लिहिलं.

प्रबंधाला कॉलेजात पहिला क्रमांक मिळाला. जूनमध्ये संस्थेने वसतिगृह दुसऱ्या गावाला दिलं.

ती बातमी ऐकून रुपी माझ्याकडे आली आणि ओसरीवर पाहणीची वही उघडून बसली. कुसुमावतीने चहा दिला, तो तसाच राहिला. तेरा पानांवर कोपऱ्यात पेन्सिलीने 'बंद' लिहिलेलं होतं. ती एकेका पानावर बोट ठेवत गेली, या घरात दोन मुलं, या घरात तीन. सगळी घरं तिला तोंडपाठ होती. "तीन घरं नाही सर, सोळा," ती म्हणाली, आणि मग रडली. माझ्यासमोर ती त्याआधी कधी रडली नव्हती.

आम्ही दोघं संस्थेत गेलो. तिथले गृहस्थ सभ्य होते, पाणी दिलं, बसवलं. सगळं ऐकून घेतलं आणि रुपीचाच अहवाल तिच्यापुढे ठेवून म्हणाले, "ताई, आम्ही तुमच्याच आकड्यांवर गेलो. आता त्या गावाला शब्द दिलाय." तो शब्द काही खोटा नव्हता. त्या गावातही मुलं होतीच. मी वाद घालायला तोंड उघडलं, पण रुपी उठून उभी राहिली होती.

दिवाळी झाली. रुपी पुण्याहून आली आणि मला म्हणाली, "सर, साखरशेतला चला. मला एकटीला जमणार नाही." हौशीच्या अंगणात बोचकी बांधून ठेवलेली, पातेली पोत्यात. रुपीने बहिणीला सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. हौशीने ऐकलं आणि दोरीची गाठ आवळत म्हणाली, "तुना मुद्दाम नाय केलास. चल, च्या घे." रागावली असती तर बरं झालं असतं, निदान आम्हाला.

गोदी उंबऱ्यावर बसून ऐकत होती. तिला आकडेवारीतलं किती कळलं देव जाणे, पण एवढं कळलं की मावशी विचारायला आली तेव्हा आपण घरी नव्हतो. ती उठून रुपीजवळ आली.

"मावशी, आता आमी घरा हाव. आता लिवून घे."

रुपीने माझ्याकडे पाहिलं. मी मान फिरवली. तिच्या पिशवीत कोरा फॉर्म होता. तिने वर सतरा लिहिलं आणि एकेक प्रश्न विचारला, जानेवारीत शेजाऱ्यांना विचारला होता तसाच. घरात माणसं किती. मुलं किती. इयत्ता कोणती. गोदी सरळ उभी राहून उत्तरं देत होती, पाचवी, तुकडी नाही, हजेरी क्रमांक नऊ. शेवटचा प्रश्न होता, हंगामात मूल कुठे असतं. गोदीने विचार केला आणि म्हणाली, "तां उद्या लिव. आज आजून मी हतंच हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पो आला. हौशीच्या डोक्यावर बोचकं, काखेत पातेल्यांचं पोतं, आणि नवरा आधीच वर चढलेला. दाराकडे बघून ती म्हणाली, "रुपे, येवढी तार गुंडाळ."

रुपीने गुंडाळली.