डीमनचा मुखत्यार

डीमन या डच गावातल्या आमच्या इमारतीत पार्सलवाला आधी मनोहरकाकांचीच बेल दाबायचा. बाकी सगळे झुइडासच्या ऑफिसांत कामावर, घरी फक्त काका. काकू गेल्यावर कराडच्या घराला कुलूप लावून ते मुलाकडे, जयेशकडे आले होते. व्हिसा पाहुण्याचा. इथेच राहू द्या म्हणून अर्ज केला, तो फेटाळला. वकिलानेही हात टेकले.

मी म्हटलं, "काका, आपण ओम्बुड्समनकडे जाऊ."

"नावातच बुड आहे गं. केस तरायची कशी?"

माझं डोकं फिरलं. हे शब्द मी कॉलेजात नाही शिकले, ऑफिसांच्या रांगांत शिकले. म्हणून सुनावलंच. शब्द डच नाही, स्वीडिश आहे. त्याच्याही मागे जुनी नॉर्स भाषा, तिच्यात 'उम्बोद' म्हणजे सोपवलेला अधिकार. दुसऱ्याच्या वतीने उभा राहतो तो ओम्बुड्समन. सरकारविरुद्धची गाऱ्हाणी ऐकणारा, हा अर्थ मागाहून आला. आणि स्वीडनमध्ये तुमचं पार्सल ठेवून घेणाऱ्या कोपऱ्यावरच्या दुकानालाही आज 'ओम्बुद'च म्हणतात.

"म्हणजे आपला मुखत्यार," काका म्हणाले. दाराशी रचलेल्या शेजाऱ्यांच्या खोक्यांकडे बघून हसले. "मग मी कोण?"

गेलो. तिथल्या बाईंनी कॉफी दिली. म्हणाल्या, कुणी तुमच्याशी वाईट वागलं असेल तर चौकशी करू, पण निर्णय बदलणं आमच्या हातात नाही. वतीने उभं राहायचं म्हणजे नुसतं उभंच राहायचं का, असं मी विचारलं. आवाज चढला होता. काकांनी माझी बाही ओढली.

"चल पूर्णिमा. मी जन्मभर एसटीच्या चौकशी खिडकीत बसलोय. गाडी रद्द झाली की खिडकीशी भांडून येत नाही."

"विचारायला तर पाहिजे ना?"

"विचारलंस की."

निघायच्या दिवशी त्यांनी सगळी खोकी दारोदार पोचवली. एक उरलं, ते माझ्या हातात दिलं. "वरच्या मजल्यावरच्या मृदुलाचं आहे. संध्याकाळी येईल ती." जयेश खाली गाडीत जाऊन बसला होता. बापाच्या बॅगा त्याला बघवत नव्हत्या.

"कराडला कोण आहे काका?"

"कुलूप," ते म्हणाले.

आता पार्सलवाला माझी बेल दाबतो. मी बहुतेक कुठल्यातरी खिडकीशी भांडत असते. खोकी परत जातात.