अडीच टोपल्या चिकू

आमच्या सायवनच्या घरात एक रीत आहे. गाय व्याली की पहिल्या चिकाचा खरवस होतो आणि त्याची पहिली वाटी गोठा सांभाळणाऱ्या बाईला मिळते. देवाला त्यानंतर, घरधन्याला त्याच्याही नंतर. "देव काय शेण काढायला येतो का?" असं सासूबाई म्हणतात. लग्न होऊन आल्यापासून त्या वाटीवर माझा डोळा होता. खरवस आवडतो म्हणून नव्हे. म्हणजे आवडतोच, खोटं कशाला बोलू. पण वाटी माझी झाली की गोठा माझा, आणि गोठा माझा झाला की मी या घरची, असं माझं सरळ गणित होतं.

अडचण अशी की घरात गाय एकच, तांबडी, आणि दोन वर्षं गोठ्यात वासरू नव्हतं. मागच्या खेपेला तिने सातव्या महिन्यात गाभ टाकला. बुरशी आलेला पेंढा पोटात गेला असावा, असं डॉक्टर म्हणाले. तो पेंढा सासूबाईंनीच घातला होता. तेव्हापासून त्या गोठ्यात गेल्या की गप्प असत, आणि तांबडीचं दावं कुणाच्या हाती देत नसत.

यंदा ती पुन्हा गाभण राहिली. नववा महिना लागला आणि नेमकं भात कापून शेतात आडवं पडलेलं असताना, दिवाळी उलटल्यावर, पाऊस कोसळला. दाणा कसाबसा वाचवला, पण पेंढा काळा पडला. सासूबाईंनी त्यातली एक काडी गोठ्यात येऊ दिली नाही, सगळा खताच्या खड्ड्यात लोटला. उरला तो चांगला पेंढा जेमतेम एक उडवी, आणि तो उन्हाळ्यापर्यंत पुरवायचा. बांधावरचं गवत आम्ही रोज कापून आणायचो, पण तेही संपत आलं होतं.

मग माझं डोकं चाललं. माझं माहेर घोलवडचं. तिकडे वाड्यांमध्ये फुटके, जास्त पिकलेले चिकू ढिगाने बाजूला पडतात, आणि आमचे हे तिथल्याच एका नर्सरीत कामाला जातात. म्हटलं, येताना एक गोणी घेऊन या, चारा वाचेल आणि गायही खूश होईल.

सासूबाईंनी नाक मुरडलं. "डोंगरातली गाय आहे ती. तिला तुमच्या वाडीवाल्यांचे चोचले नकोत. एक चिकू गोठ्यात जाता कामा नये."

मी "बरं, आई" म्हटलं आणि ह्यांनी आणलेली गोणी मागच्या पडवीतल्या निळ्या पिंपात ओतून झाकण घट्ट लावलं. पिकलेले चिकू असे दोन दिवस कोंडून ठेवले की त्यांचं काय होतं, हे घोलवडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मलाही ठाऊक होतं. पण माझं सगळं लक्ष सासूबाईंची पाठ कधी वळते याच्याकडे. तिसऱ्या दिवशी सकाळी त्या वालाच्या शेतात गेल्या आणि मी पिंप उघडलं. वास जरा आंबूस आला. चिकूही जरा कमी वाटले, पण पिकून खाली बसले असतील म्हटलं. टोपली भरून तांबडीपुढे ठेवली. तिने अशी चाटूनपुसून संपवली की माझाच ऊर भरून आला.

दुपारी मी भांडी घासत होते, तर तांबडी खुंट्यासकट अंगणात आली. ती सरळ चालत नव्हती. चार पाय चार गावांना निघालेले. आधी तिने आमच्या ह्यांच्या मोटरसायकलला शिंग लावलं, मग कपाळ टेकून तिची माफी मागितल्यासारखी उभी राहिली. सुट्टी म्हणून हे घरीच होते. ते धरायला गेले, तर त्यांचं तोंड, कान, नवा शर्ट सगळं चाटून काढलं. मला हसू फुटलं. आणि तेवढ्यात ती खाली बसली, धप्पदिशी, पोटावर. त्या पोटात वासरू होतं.

सासूबाई शेतातून आल्या तेव्हा मी गुरांच्या डॉक्टरांना फोन लावला होता. डॉक्टर तलासरीकडे होते. फोन स्पीकरवर टाकून मोटरसायकलच्या सीटवर ठेवला, म्हणजे ह्यांनाही ऐकू जाईल.

"काय खाल्लंय?" त्यांनी विचारलं.

मी सासूबाईंकडे न बघता म्हटलं, "चिकू. आंबलेले."

"किती? नीट सांगा. त्यावर औषध ठरेल."

"एक टोपली."

आता बॉम्ब फुटणार म्हणून मी खांदे वर घेऊन उभी. पण सासूबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मग फोनजवळ वाकून हळूच म्हणाल्या, "दोन धरा."

मी झटकन त्यांच्याकडे वळले.

"बरगड्या दिसायला लागल्या होत्या तिच्या," त्या माझ्यावरच डाफरल्या. "मला बघवेना. पहाटे घातले."

मोटरसायकलमागून आवाज आला. "अडीच धरा, डॉक्टर."

डॉक्टर बहुतेक फोन बाजूला धरून हसत असावेत. मग म्हणाले, मी निघतो, तोवर तिला काही पाजू नका, उठवा आणि हळूहळू चालवा, डाव्या कुशीवर लक्ष ठेवा, फुगायला लागली तर लगेच कळवा.

तासभर आम्ही तिला अंगणात फिरवलं. पुढे दावं धरून हे, दोन्ही बाजूंना आम्ही दोघी. ती झुकली की आम्ही झुकायचो. बघणाऱ्याला प्रश्न पडला असता, प्यायलंय कोण. मला पुन्हा हसू यायला लागलं, आवरेना, आणि डोळ्यांतून पाणीही येत होतं. "हसतेस काय," सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांनाही फुटलं. मग एकदम थांबल्या. त्यांनी मला आपल्या बाजूला ओढून माझा हात तांबडीच्या उजव्या कुशीवर दाबला. आतून लाथ बसली. चांगली सणसणीत.

डॉक्टर आले, नळीने सोड्याचं पाणी आणि औषध पोटात सोडलं, दोन सुया टोचल्या. चिकू द्यायचे तर ताजे, थोडे, पेंढ्यात मिसळून, आणि घरातल्या एकानेच, असं त्यांनी बजावलं. तिघांनी शाळेतल्यासारख्या माना हलवल्या. दुसऱ्या दिवशी तांबडी रवंथ करत होती आणि आमच्याकडे बघतही नव्हती.

बारा दिवसांनी, सकाळी उन्हात, ती व्याली. कालवड झाली. कालवड उठली, डुलली, पडली. पुन्हा उठली, तिरकी गेली, खांबाला धडकली. सासूबाईंचा चेहरा पांढरा पडला. "हिलाही चढलीय का गं?" त्यांनी मला विचारलं, अगदी खरंच विचारलं. चाळीस वर्षं गोठा सांभाळलेली बाई. "आई, वासरं अशीच चालतात," मी म्हटलं. तेवढ्यात कालवडीला आचळ सापडलं.

खरवस सासूबाईंनीच केला. पहिली वाटी घेऊन त्या गोठ्यात आल्या आणि माझ्या मांडीवर ठेवली, पाहुण्याला चहा द्यावा तशी. मी म्हटलं, "पेंढा तुम्ही निवडलात, आई. एक काळी काडी येऊ दिली नाहीत. गाभ त्यानेच टिकला."

त्या खाली बसल्या. कालवडीच्या अंगाला लागलेली पेंढ्याची काडी काढली. "मागच्या खेपेलाही मला दिसली होती बुरशी," त्या म्हणाल्या. "म्हटलं, थोडीशी तर आहे."

मी वाटीतला निम्मा खरवस त्यांच्या तळहातावर काढला. तो आम्ही खात असताना दारातून ह्यांनी मान आत घातली. सासूबाईंनी बोटावर इवलासा तुकडा घेतला आणि लेकापुढे धरला.

"तुझा अर्धा," त्या म्हणाल्या. "आता तांबडीचं दावं सोडून हिच्या हातात दे."